वाचकांचे प्रश्न : पास जोडालगतच का तुटते?

प्रश्न : ट्रॅक्टरच्या वखराला पास (जमिनीत चालणारं आडवं पातं) म्हणून ट्रकचा जुना पाटा (स्प्रिंगची पट्टी) कापून वेल्डिंग करून घेतो. जोड दिसायला दणकट, पण एक-दोन दिवसांत पाटा जोडाला लागूनच तुटतो. करंट वाढवला, टाका (वेल्डिंगची शिवण) जाड मारला, तरी तेच. काय चुकतं?
– एक वाचक, घाटंजी (जि. यवतमाळ)

उत्तर : टाका शाबूत आहे आणि पाटा तुटतो, म्हणजे दोष कडेच्या लोखंडात आहे. साध्या पट्टीत कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो, पाट्यात अर्धा टक्का किंवा थोडा जास्त. टाक्याची कड लालभडक होते आणि शेजारचा थंड पाटा ती उष्णता झटक्यात ओढून घेतो. तेवढी कड काचेसारखी कडक होते. नेहमीच्या 6013 रॉडच्या लेपात ओल असते. तिच्यातला हायड्रोजन त्या कडेत शिरतो आणि तडा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पडतो. म्हणून दुकानात जोड चांगला दिसतो. गरम जोडावर पाणी ओतत असाल तर ते आधी बंद करा.

पाट्याच्या कडेला ग्राइंडरने उतार द्या, गंज आणि ग्रीस काढा. जोडाजवळ बोटभर जागा घासून चकचकीत करा आणि गॅसने सावकाश तापवा. ती जागा आधी पिवळसर होईल, मग तपकिरी, मग जांभळी. जांभळी झाली की पाटा 280 अंशांच्या आसपास आला. निळ्याच्या पुढे नेऊ नका. कच्चे टाकेसुद्धा (तुकडे जागेवर धरणारे छोटे टाके) या गरम पाट्यावरच मारा; थंड पाट्यावर नुसता रॉड घासला तरी तिथे कडक ठिपका राहतो.

रॉड 7018 घ्या, हा कमी हायड्रोजनचा रॉड आहे. 3.15 मिमीला 110 ते 130 अँपिअर, इन्व्हर्टर मशीनवर होल्डर पॉझिटिव्हला. लहान ट्रान्सफॉर्मर मशीनवर हा रॉड नीट धरत नाही. पावसाळ्यात उघडं राहिलेलं पाकीट 300 ते 350 अंशांवर तासभर भाजल्याशिवाय वापरू नका. चुलीजवळ ठेवून ही ओल जात नाही.

वेल्डिंग संपताच जोड कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरा आणि सकाळी काढा. इथेच बहुतेक जण घाई करतात.

आमचं मत विचाराल तर पास नट-बोल्टनेच बसवा, झिजली की बदलता येते. भोकं मात्र गॅसने पाडू नका, तीच कडक कड तिथेही तयार होते. कोबाल्ट ड्रिल, कमी वेग, भरपूर तेल, आणि दाब सोडायचा नाही. ड्रिल नुसतं घासत राहिलं की बोथट होतं.