वात म्हटला की तेलाची वाटी?

थंडी पडली की अभ्यंगाबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. त्यातले काही घेतो.

प्रश्न : तेल कोणते आणि किती गरम? (नाशिक)
निरोगी माणसाला थंडीत घाण्याचे तिळाचे तेल. गॅसवर तापवू नका. वाटी गरम पाण्यात ठेवा आणि मनगटावर थेंब टाकून बघा, कोमट पुरे. ताप किंवा अजीर्ण असेल तर त्या दिवशी तेल नाही. अजीर्णात अभ्यंग वर्ज्य, हे आयुर्वेदाचे प्राचीन ग्रंथकार वाग्भट यांनीच सांगून ठेवले आहे.

प्रश्न : सकाळी लोकल गाठायची असते, रोज जमत नाही. (डोंबिवली)
रोज रात्री तळपायांना, रविवारी सर्वांगाला. तळवे पुसल्याशिवाय बाथरूमच्या फरशीवर पाऊल टाकू नका.

प्रश्न : आईच्या दोन्ही हातांची बोटे दोन महिने सुजलेली आहेत, सकाळी तासभर मूठ वळत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, वात आहे, गरम तेल रगडून चोळा. चोळले की दुखणे वाढते. (सांगली)
चोळणे आजच थांबवा. काकूंना वात एकच ठाऊक दिसतो. उतारवयात झिजलेला गुडघा कुरकुरतो, तो संधिवात. तिथे तेल आणि शेक दोन्ही कामाचे. तुमच्या आईची लक्षणे आमवातासारखी, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिससारखी वाटतात. आयुर्वेदाच्या मते तिथे मुळाशी आम असतो, म्हणजे नीट न पचलेल्या अन्नाचा अंश, जड आणि चिकट. त्यावर आणखी स्निग्ध तेल चोळणे म्हणजे दुखणे वाढवणेच. म्हणून आमवातात सुरुवातीला कोरडा शेक सांगितला आहे, तव्यावर तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीने; तोही वैद्याने सांधे तपासल्यावरच.

आणि वैद्यावरही थांबू नका. सांध्यांच्या विकारांच्या तज्ज्ञ डॉक्टरांना (रुमॅटॉलॉजिस्ट) दाखवा, ते आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या सांगतील. या रोगात सांध्यांची हानी पहिल्या काही महिन्यांतच सुरू होऊ शकते, आणि नेमके तेच महिने 'आधी तेल करून बघू' यात जातात. माझ्याकडे अशी माणसे येतात ती दोन-तीन बाटल्या संपवून. वाकडी झालेली बोटे कोणत्याही तेलाने सरळ होत नाहीत हो!

प्रश्न : जाहिरातीतल्या तेलाने पोटाची चरबी वितळते का? (पुणे)
नाही. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरे वाचा. 'लाइट लिक्विड पॅराफिन' लिहिले असेल तर ते खनिज तेल आहे, पुढे तिळाचे फूल केवढेही छापलेले असो.

प्रश्न : नातवाच्या नाका-कानात रोज तेल घालावे ना? सून नको म्हणते. (बेळगाव)
सूनबाईंचे ऐका. अंगाला हलक्या हाताने जरूर लावा.

प्रश्न : मधुमेहाने पाय बधिर झालेत. गरम तेल चालेल? (सोलापूर)
चटका बसला तरी तुमच्या पायांना कळणार नाही, तेव्हा तेल घरातल्या दुसऱ्या कुणी हात लावून बघायचे. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा. भेग किंवा जखम असेल तर आधी डॉक्टर. आणि एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर ती मुळीच चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.