थंडीच्या दिवसांत मन खचतं तेव्हा चीनची ताओ परंपरा काय करायला सांगते?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही एडमंटनला असता, वडील जुलैमध्ये गेले, आणि थंडी पडल्यापासून भल्या पहाटे जाग येते नि साताऱ्याला एकट्या राहणाऱ्या आईच्या विचाराने छाती धडधडायला लागते. तिथल्या योगवर्गात 'ताओ पद्धतीने हिवाळ्यात भावनांचा निचरा' अशी शनिवार-रविवारची कार्यशाळा आहे, तिला जावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं मत आधी सांगतो. या थंडीत जाऊ नका. नोकरीमुळे मी काही वर्षं बीजिंगला होतो, तिथेच छीगोंग (श्वास आणि संथ हालचालींचा चिनी व्यायाम) शिकलो आणि अजून करतो. जे शिकलो आणि वाचलं, त्यात हिवाळ्यात मन उकरून रिकामं करा असं कुठेच सांगितलेलं नाही. सांगितलंय ते जवळजवळ उलट आहे.

यातला मूळ आधार म्हणजे 'हुआंगदी नेईजिंग' हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा चिनी वैद्यकाचा ग्रंथ. तो निव्वळ ताओ पंथाचा नाही, पण ताओ साधकांनी तो आपलाच मानला. १४४५ साली पूर्ण झालेल्या ताओ ग्रंथसंग्रहातही तो आहे. त्यातल्या 'सूवेन' या भागाचा दुसरा अध्याय म्हणजे चारही ऋतूंची दिनचर्या. हिवाळ्याचे तीन महिने हा तिथे मिटून घेण्याचा आणि साठवण्याचा काळ आहे. पाणी गोठतं, जमिनीला भेगा पडतात, अशा वेळी अंगातल्या उष्णतेला डिवचू नका. लवकर झोपा, उशिरा उठा, ऊन येण्याची वाट बघा. थंडीपासून लांब राहा, उबेला जवळ जा, घाम गाळू नका. आणि मनाविषयी जे म्हटलंय ते मला फार मोलाचं वाटतं: मनातला हेतू दडवून ठेवल्यासारखा असू द्या, जणू आपलं काही गुपित आहे, जणू हवं ते आधीच मिळालंय.

हे पाळलं नाही तर? ग्रंथ म्हणतो, मूत्रपिंडाला इजा होते आणि वसंतात उमलायला जवळ काही उरत नाही. कणगीतलं धान्य पेरणीच्या आधी कुणी अंगणात ओतत नाही, तसं हे आहे. दोन दिवस अनोळखी लोकांत रडून-ओरडून तुम्ही रिकामे व्हाल, आणि सोमवारी सकाळी बाहेर अजून अंधारच असेल.

आता तुमच्या भीतीबद्दल, कारण तिथे ही परंपरा खरंच कामाची आहे. चिनी पंचतत्त्वांच्या (लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी) मांडणीत प्रत्येक ऋतूला एक अवयव आणि एक भावना जोडलेली असते. शरद ऋतूकडे फुप्फुस आणि शोक. हिवाळ्याकडे पाणी, उत्तर दिशा, काळा रंग, मूत्रपिंड, हाडं, कान आणि भीती. (हे मूत्रपिंड म्हणजे सोनोग्राफीत दिसतं तेवढंच नव्हे. जन्मजात बळ आणि चिकाटी जिथे साठते ते ठिकाण, असा त्यांचा अर्थ. रक्ततपासणीच्या अहवालाशी त्याची सांगड घालू नका.) तुमच्या लिहिण्यात वडिलांचं दुःख कमी आणि आईची धास्ती जास्त आहे. या मांडणीप्रमाणे बघितलं तर शोकाचा ऋतू सरलाय आणि त्याच्या मागून भीती आलीय. तुम्ही वडिलांना विसरत चाललाय असा याचा अर्थ मुळीच नाही.

'सूवेन'मध्येच आहे की रागाने छी (शरीरातली प्राणशक्ती) वर चढते, भीतीने खाली जाते. घाबरल्यावर पाय लटपटतात, कंबर धरते, वारंवार लघवीला जावं लागतं, हे आपणही अनुभवतो. आणि भीतीवर उतारा कोणता? विचार. विचार मातीचा, भीती पाण्याची, आणि माती पाण्याला बांध घालते. विचार म्हणजे काळजीची उजळणी नव्हे, बसून केलेली आखणी. तुमच्या बाबतीत मला तो असा दिसतो: दिवसाउजेडी एका कागदावर आईच्या औषधांची यादी, शेजाऱ्यांचा नंबर, घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे ते, रात्री काही झालं तर कोण पोचू शकतं ते, आणि तिच्याशी रोज कधी बोलायचं ती वेळ. हा कागद उशाशी ठेवा. पहाटे जाग आली की तो वाचायचा, नवीन काही लिहायचं नाही.

बाकीचं शरीरामार्फत. बीजिंगला आमच्या इमारतीतल्या एक आजी रोज रात्री लाकडी घंगाळात गरम पाणी घेऊन पोटऱ्या बुडतील इतके पाय सोडून बसायच्या, गप्पा मारायच्या, पाणी निवलं की थर्मासमधलं ओतायच्या. मग पाय कोरडे करून तळव्याच्या मधल्या खळग्याच्या थोडं पुढे, बोटं वळवल्यावर जिथे खोलगट होतं तिथे, अंगठ्याने बराच वेळ चोळायच्या. मूत्रपिंडाची छी वाहून नेणारी वाहिनी तिथून सुरू होते असं मानतात. मोजे घालून लगेच अंथरुणात. रात्री झोप लागायला मला तरी याच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडलेलं नाही. मधुमेह असेल तर पाण्याचा कढतपणा आधी हाताने बघा.

श्वासाचाही एक प्रकार आहे, सहा ध्वनींचा. माओशान पर्वतावरचे ताओ साधक ताओ होंगजिंग (४५६–५३६) यांच्या नावावर असलेल्या ग्रंथात तो सापडतो: श्वास आत घ्यायची रीत एकच, सोडायच्या सहा. आज शिकवतात त्यात मूत्रपिंडाचा ध्वनी 'छ्वेई'. नाकाने श्वास घ्या, दोन्ही तळवे कंबरेवर मागे ठेवा, गुडघे किंचित वाकवा आणि दिवा विझवताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडा. मला शिकवलं ते असं की आवाज आपल्यालासुद्धा जेमतेम ऐकू यावा. पाच-सहा वेळा पुरे. सगळे सहा ध्वनी एका दमात करून 'अडकलेल्या भावना' बाहेर काढायचा खटाटोप या ऋतूत नको.

खाण्याचं थोडक्यात: आलं घालून मटणाचा रस्सा, अक्रोड, काळे तीळ. संक्रांतीला तीळ खाणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. व्यायामाच्या बाबतीत मात्र आपला आयुर्वेद आणि हे लोक वेगळे पडतात. अष्टांगहृदयात हेमंतात अंगाला तेल लावून कुस्ती खेळायला सांगितलंय, कारण जठराग्नी प्रबळ असतो. नेईजिंग म्हणतं घाम येऊ देऊ नका. दोघांनी आपापल्या हवेकडे बघून लिहिलं असावं असं मला वाटतं. एडमंटनमध्ये डिसेंबरचा दिवस साडेसात तासांच्या आसपास असतो, तेव्हा तुम्ही बीजिंगवाल्यांचं ऐका. जिमला जायचं तर दुपारी, आणि बेताने.

२१-२२ डिसेंबरला दोंगझी, म्हणजे वर्षातली सर्वात मोठी रात्र. ताओ मंदिरांत त्या दिवशी युआनशी तिआनझुन या आद्य देवतेचा जन्मोत्सव असतो. यीजिंग या प्राचीन चिनी शकुनग्रंथात या वेळचं चिन्ह आहे 'फू', म्हणजे परतणं: वर पाच तुटक यिन (थंड, अंधारी बाजू) रेघा आणि तळाशी एक अखंड यांग (उबदार, उजेडाची बाजू) रेघ. त्यावरच्या जुन्या भाष्यात म्हटलंय की प्राचीन राजे या दिवशी सीमेवरची नाकी बंद ठेवत, व्यापारी प्रवास करत नसत, राजा स्वतः पाहणीला निघत नसे. ऊब परतायला लागलीय पण ती इवलीशी आहे, म्हणून तिला हलवायचं नाही. त्याच दिवसापासून उत्तर चीनमध्ये नऊ-नऊ दिवसांचे नऊ टप्पे मोजतात. त्यासाठी प्लमच्या फांदीचं रेखाचित्र काढतात, त्यावर मिळून ८१ पाकळ्या, आणि रोज एकच पाकळी रंगवायची. त्या आजींच्या स्वयंपाकघरात असं चित्र असायचं. एखाद्या दिवशी विसरल्या तर दुसऱ्या दिवशी दोन रंगवायच्या, पण पुढची पाकळी आधीच कधी रंगवायच्या नाहीत. तुमच्यासारख्या अवस्थेत रोज एवढं एकच काम ठरलेलं असणं फार आधाराचं होतं. चित्र हाताने काढा, छापील नको.

वडिलांबद्दल एवढंच. ताओ लोक शोक करत नाहीत असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नका. झुआंगझी या प्राचीन ताओ विचारवंताची बायको गेली तेव्हा मित्र ह्वेईझी भेटायला आला, तर हा भांडं वाजवत गात बसलेला. मित्र चिडला. त्यावर झुआंगझीने आधी हे सांगितलं की ती गेली त्या वेळी मलाही दुःख झालं, कसं होणार नाही? ऋतू येतात-जातात तसं तिचं येणं-जाणं आहे, हे त्याला नंतर उमगलं. किती नंतर, ते त्या गोष्टीत दिलेलं नाही. तुम्हालाही कुणी मुदत घालून देऊ नये.

फेब्रुवारीच्या ४ तारखेच्या आसपास लीचुन, म्हणजे त्यांचा वसंत. तो यकृताचा ऋतू, मोकळं होण्याचा, केस सोडून अंगणात सावकाश फिरा असं सांगणारा. तेव्हाही मोकळं व्हावंसं वाटलं तर अशी कार्यशाळा पुन्हा निघेलच. मात्र झोप पार उडाली, खाणं सुटलं किंवा जगणं नकोसं वाटलं, तर लीचुनची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. उत्तरेकडच्या देशांत थंडीत येणारं नैराश्य तिथल्या डॉक्टरांना चांगलं माहीत असतं आणि त्यावर प्रकाशाचे दिवे, समुपदेशन, औषधं असे उपचार आहेत. पाय शेकणं आणि 'छ्वेई' त्याच्या जोडीने चालू ठेवता येतं.