पाऊस सुरू झाल्यापासून कंपोस्टच्या बादलीला घाण वास येतोय, वर अळ्याही झाल्यात. सगळं फेकून देऊ का?

फेकू नका, इतक्यात तरी नको. तुम्ही लिहिलंय की दोन महिने सगळं सुरळीत चाललं होतं, पावसाळा लागला आणि बिघडलं, आणि आता घरातले मागे लागलेत. पहिल्या वर्षी माझंही असंच झालं होतं. तेव्हा मला वाटलं, पावसाने घात केला. खरं तर चूक आधीपासूनच होत होती, उन्हाळ्याने ती झाकून ठेवली होती.

भाजीपाल्याच्या देठांत आणि फळांच्या सालींत ८०-९० टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात ते भराभर उडून जातं. पावसाळी दमट हवेत ते उडत नाही, तळाशी उतरतं, साली एकमेकींना चिकटतात आणि आत हवा जायला वाटच राहत नाही. मग हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि हवेशिवाय जगणाऱ्यांचं फावतं. सडक्या अंड्यासारखा वास त्यांचा. नाकात झोंबणारा अमोनियासारखा वास असेल, तर नायट्रोजन जास्त झालाय. दोन्हींवर उतारा एकच: कोरडा पालापाचोळा.

कुजवणाऱ्या जिवाणूंना २५ ते ३० भाग कार्बनमागे १ भाग नायट्रोजन लागतो. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात कार्बन त्याहून कमी असतो, वाळक्या पानांत बराच जास्त. ओट्याशी उभं राहून कुणी ही गणितं करत नाही, त्यामुळे मी ओंजळीने मोजते. एक ओंजळ ओलं टाकलं की एक ओंजळ कोरडं, आणि पावसाळ्यात दोन.

आज एवढं करा. बादली जुन्या कागदावर पालथी करा (नाकाला फडकं बांधून), गठ्ठे हाताने फोडा. पालापाचोळा नसेल तर गुळगुळीत छपाई नसलेला पुठ्ठा बोटभर तुकड्यांत फाडून मिसळा. मग मूठभर घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर आणखी पुठ्ठा. बादलीला बुडाशी भोकं आहेत ना? ती खाली विटा ठेवून उचललेली असू द्या, आणि पावसाची झड लागते तिथून हलवा. दोन-तीन दिवसांत वास बराच कमी होईल.

अळ्यांचं म्हणाल, तर त्या जाड, चपट्या, कडक वळ्यांच्या असतील तर बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या आहेत. ही माशी चावत नाही, घरमाशीसारखी अन्नावर बसत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा अक्षरशः फस्त करतात. मी त्यांना काहीच करत नाही. फक्त मोठ्या झाल्या की त्या काळपट पडतात आणि कोरडी जागा शोधत बादलीतून बाहेर निघतात. एका सकाळी माझ्या फरशीवर अशा पंधरा-वीस जणींची रांग निघालेली पाहून घरात जो आरडाओरडा झाला, तो अजून ऐकवला जातो. तेव्हापासून झाकणाच्या कडेला जुन्या मच्छरदाणीची पट्टी लावलीय.

खरी अडचण पुढेच आहे. ओला कचरा रोज निघतो, वाळकी पानं मात्र हंगामात एकदाच गळतात. म्हणून पावसाळ्याची तयारी पानगळीत करावी लागते. मी तेव्हा दोन पोती पानं भरून, पायाने चुरून, कोरड्या जागी ठेवते. पोतं मागून आणलेल्या पानांचंही चालतं. जाळायला लावलेला ढीग मागितला की लोक आधी वेड्यात काढतात आणि मग स्वतःच पोतं भरून देतात.

थंडीत सगळं मंदावतं, तेव्हा ढवळाढवळ वाढवू नका, वाट बघा. आणि बादलीएवढा ढीग फारसा तापत नाही. आतली उष्णता टिकायला साधारण एक घनमीटर ढीग लागतो. त्यामुळे रोगट पानं आणि बी धरलेलं तण त्यात टाकू नका, ते मरत नाही.

घाईचा एक फटकाही मला बसलाय. अर्धकच्चं खत मी टोमॅटोच्या कुंडीत घातलं आणि आठवड्याभरात खालची पानं पिवळी पडली. न कुजलेला माल कुजताना मातीतला नायट्रोजन स्वतःच ओढून घेतो. म्हणून आता मूठभर खत किंचित ओलं करून पिशवीत तीन-चार दिवस बांधून ठेवते. उघडल्यावर पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास आला तरच चाळते. चाळणीवर उरलेले जाड तुकडे टाकायचे नाहीत, ते पुढच्या बादलीचं विरजण.