वाचकांचे प्रश्न : घरगुती प्रेशर वॉशर निवडताना

प्रश्न : मोटार धुण्यासाठी आणि घरामागच्या फरसबंद अंगणावरचे शेवाळ काढण्यासाठी प्रेशर वॉशर घ्यायचा आहे. दोन यंत्रे पाहिली. एकाच्या खोक्यावर १३० बार लिहिले आहे आणि दुसऱ्याच्या खोक्यावर २०० बार. दोन्हींची मोटर १,५०० वॉटची असूनही २०० बारचे यंत्र स्वस्त आहे. मग जास्त दाबाचेच घ्यावे का?

उत्तर : खोक्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवावा आणि यंत्राच्या अंगावर चिकटवलेली माहितीची छोटी पट्टी वाचावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. खोक्यावर बहुधा कमाल दाब छापलेला असतो. प्रत्यक्ष धुताना सतत मिळणारा दाब त्याहून कमी असतो आणि तो पट्टीवर वेगळा दिलेला असतो. त्याच्याच शेजारी दर मिनिटाला किंवा दर तासाला किती लिटर पाणी बाहेर पडते तेही लिहिलेले असते. हे दोन आकडे नेहमी जोडीने पाहावेत, कारण दाबामुळे घाण सुटते, पण सुटलेली घाण वाहून नेण्याचे काम पाणीच करते.

या जोडीवरून दावा खरा की फुगवलेला, हेही ताडून पाहता येते. बारचा आकडा आणि मिनिटाला पडणाऱ्या लिटरचा आकडा यांचा गुणाकार करून त्याला ६०० ने भागले की पाण्याच्या झोतातली शक्ती किलोवॉटमध्ये मिळते. समजा, पहिल्या यंत्राच्या पट्टीवर कामाचा दाब १०० बार आणि पाणी मिनिटाला ६ लिटर असे असेल, तर उत्तर १ किलोवॉट येते. मोटरमध्ये आणि पंपात थोडी शक्ती वाया जाते हे धरूनही १,५०० वॉटच्या मोटरला ते सहज शक्य आहे. दुसरे यंत्र २०० बार दाबाने मिनिटाला ७ लिटर पाणी देते असा दावा असेल, तर उत्तर २.३ किलोवॉटच्या पुढे जाते, म्हणजे मोटर जेवढी वीज घेते त्याहून जास्त शक्ती ती पाण्याला देते असे मानावे लागेल. तसे होणे अशक्य आहे. आपली दोन यंत्रे या हिशेबात बसवून पाहावीत. आमच्या अंदाजाने स्वस्त यंत्राचे कोडे तिथेच सुटेल.

मोटार आणि घरगुती अंगण यांसाठी कामाचा दाब ८० ते ११० बार आणि पाणी मिनिटाला ६ लिटरच्या आसपास असले की पुरते. त्यापुढचे पैसे दाबावर न घालता मोटर, पंप आणि पाइप यांवर घालावेत. कार्बन ब्रशची मोटर हलकी आणि स्वस्त असते, पण ती मोठा आवाज करते आणि ब्रश झिजतात; इंडक्शन मोटरचे यंत्र उचलताना जड लागते, मात्र ते शांत चालते आणि जास्त वर्षे टिकते. महिन्यातून एकदोनदाच मोटार धुवायची असेल तर पहिला प्रकार चालेल, पण मोठे अंगण तासभर घासायचे असेल तर इंडक्शनच घ्यावी. पंपाचे डोके पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे आहे ना, हे विचारावे. चाप सोडताच मोटर आपोआप थांबण्याची सोय हवीच. उच्चदाबाचा पाइप निदान ८ मीटर असावा, कारण ५ मीटरच्या पाइपाने गाडीभोवती फिरताना दर वेळी यंत्र मागे ओढावे लागते आणि ते कलंडते. बादलीतून पाणी घ्यायचे असेल, तर यंत्र स्वतः पाणी ओढणारे आहे याची आधी खात्री करावी. सगळी यंत्रे ते करू शकत नाहीत.

प्रश्न : झोताने गाडीचा रंग निघतो आणि फरशीच्या फटी उघड्या पडतात, असे ऐकले आहे. हे खरे आहे का?

उत्तर : दोन्ही खरे आहे, आणि दोन्ही टाळता येते. १०० बार दाबाखालचे पाणी नोझलमधून ताशी ५०० किलोमीटरहून अधिक वेगाने सुटते, तेव्हा कोणता नोझल लावला आहे आणि तो किती अंतरावर धरला आहे, यावर सारे अवलंबून असते. बहुतेक नोझलसंचांत लाल म्हणजे सरळ सुईसारखा ० अंशाचा झोत, पिवळा १५, हिरवा २५ आणि पांढरा ४० अंशांचा पंखा, काळा साबणासाठी. गाडीसाठी पांढरा किंवा हिरवा लावावा आणि नोझल पत्र्यापासून निदान ३० सेंटिमीटर दूर धरावा. तेवढ्या अंतरावर ४० अंशांचा पंखा सुमारे २२ सेंटिमीटर रुंद पडतो आणि जोर विभागला जातो. लाल नोझल गाडीजवळ आणूच नये. बंपरवर खडा लागून रंगाचा टवका उडालेला असतो, तिथे तिरका झोत रंगाच्या कडेखाली शिरतो आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखा रंग उचलून काढतो. पूर्वी पुन्हा रंगवलेला भाग, टायरची बाजू, रबरी पट्ट्या आणि विजेवर चालणाऱ्या गाडीचे चार्जिंगचे तोंड यांना लांबूनच पाणी द्यावे.

अंगणात पेव्हर ब्लॉक असतील तर झोत सांध्यांच्या रेषेत न फिरवता त्यांना तिरका आडवा फिरवावा. पाणी मातकट होऊन त्यात वाळूचे कण वाहताना दिसले, की नोझल ताबडतोब वर उचलावा. फरशी पूर्ण वाळल्यावर सांध्यांत वाळू पुन्हा भरून घ्यावी. मऊ दगडावर आधी कोपऱ्यात थोडे धुऊन पाहावे. सगळ्या फरशीवर एकसारखे काम हवे असेल तर झाकणाखाली फिरणाऱ्या झोताचे गोल जोडसाधन घेणे आम्हाला अधिक पसंत आहे. त्याने पट्टेही पडत नाहीत आणि शेवाळाचे शिंतोडे भिंतीवर उडत नाहीत.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. हा झोत कातडीतून आत शिरू शकतो. वर टाचणीएवढेच छिद्र दिसले, तरी घरगुती उपाय न करता त्याच वेळी रुग्णालयात जावे आणि प्रेशर वॉशरचे पाणी शिरले आहे, असे स्पष्ट सांगावे. मुलांना आसपास फिरकू देऊ नये, पायांत बंद बूट घालावेत आणि यंत्राची वीज गळती होताच तुटेल अशा सुरक्षा स्विचमधूनच घ्यावी.

प्रश्न : नवे यंत्र चालू केले की झोत धडधडत येतो, मध्येच मंदावतो. पंप बिघडला असेल का?

उत्तर : बहुधा पंपात हवा अडकली आहे किंवा पाणी कमी पोहोचते आहे. मोटर बंद ठेवून नळ पूर्ण उघडावा आणि चाप दाबून धरावा. बुडबुडे संपून सलग धार लागली की मगच बटण दाबावे. तरीही धडधड राहिली तर पाणी आत जाते तिथली बारीक जाळी काढून धुवावी आणि नळाचा पाइप कुठे दुमडलेला नाही ना, हे पाहावे. एखादी बादली किती वेळात भरते ते मोजावे. नळ मिनिटाला ५ लिटरच देत असेल आणि यंत्राला ६ लिटर लागत असतील, तर दोष यंत्राचा नाही.