लिनक्सवर डिस्कच्या एरर येतायत? आधी केबल बघ

घाबरू नकोस, पण महत्त्वाच्या फायली आधी दुसऱ्या डिस्कवर काढून घे. मग डीमेसग (कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश दाखवणारी कमांड) चालवून 'एटीए'च्या, म्हणजे डिस्कच्या जोडणीच्या, ओळी वाच. नवखी माणसं थेट ड्रायव्हरला दोष देतात नि कर्नल बदलत बसतात. सांगलीत ऐन पावसाळ्यात दोन रात्री मीही तेच केलं. निघाली काय, तर डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल ढिली!

स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या कमांडमध्ये 199 नंबरचा सीआरसी आकडा (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढतोय का बघ. वाढत असेल तर केबल बदल. जुना आकडा उतरत नाही, वाढायचा थांबला की झालं. 5 नंबरचा (बदललेले खराब सेक्टर, म्हणजे डिस्कचे तुकडे) किंवा 197 नंबरचा (अजून न बदललेले संशयित सेक्टर) आकडा वाढत असेल तर मात्र नवी डिस्क बघायला लाग.

हे करू नकोस:
- माउंट असलेल्या (वापरात जोडलेल्या) डिस्कवर एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टम दुरुस्त करणारी कमांड, चालवणं
- बायोसमध्ये डिस्क कंट्रोलरचा मोड एएचसीआयचा रेड करून बघणं

ड्रायव्हर मॉड्यूलचे पॅरामीटर (सेटिंग) सध्या आहेत तसेच राहू देत.