मांजराचं पिल्लू आणलंय, नवा सोफा ओरबाडतंय, काय करू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गोव्यात पर्वरीला चौथ्या मजल्यावर फ्लॅट, दहा दिवसांपूर्वी बिल्डिंगच्या पार्किंगमधून उचलून आणलेलं अडीच-तीन महिन्यांचं पिल्लू, नव्या सोफ्याच्या एका हाताचं कापड दोन दिवसांत सुटलं, सासूबाई म्हणतात परत नेऊन सोड, आणि शेजारच्या कुणीतरी सांगितलं की डॉक्टरकडे नेऊन नखंच काढून घ्या. आधी हे शेवटचं घेते कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. नखं काढायचा विचारही करू नका, प्लीज. माणसाचं नख कातडीवर असतं, मांजराचं तसं नसतं, ते थेट बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं, म्हणजे नख काढायचं तर ते हाडाचं पेरच कापावं लागतं, पुढच्या पायांच्या दहाही बोटांचं. अशी मांजरं पुष्कळदा नंतर पाऊल टाकताना दुखतं म्हणून लिटरच्या (शी-शूच्या) वाळूत जायचं सोडतात, नखं नाहीत म्हणून चावायला लागतात. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये यावर कायद्यानेच बंदी आणली, युरोपातल्या बऱ्याच देशांत तर त्याच्या आधीपासून आहे. सोफा वाचवायला याची काही गरजच नाही.

मी डिचोलीला राहते. जुनं कौलारू घर, पुढे बाल्कांव (बसायची ओसरी), आत आजोबांच्या वेळचा शिसवी सोफा, पाठ आणि बसायची जागा वेताने विणलेली. वेत एकदा तुटला की विणून देणारा माणूस आता शोधून सापडत नाही, त्यामुळे आमची अबोली आली (पांढरी आहे, पाठीवर अबोलीच्या फुलाच्या रंगाचे ठिपके) तेव्हा मी पहिले दोन महिने फक्त तिच्या मागे ओरडत धावले. वर्तमानपत्राची गुंडाळी आपटली, पाण्याचा फवारा मारला, सगळं केलं. त्याने एवढंच झालं की ती माझ्यासमोर ओरबाडायची थांबली आणि रात्री आम्ही झोपल्यावर ओरबाडायला लागली, आणि मी जवळ गेले की कपाटाखाली जायला लागली. ते मला आजही खूप लागतं, कारण चूक तिची नव्हतीच.

एक दिवस सोफ्याच्या पायाशी झाडताना मला नखाच्या आकाराची, पातळ, अर्धवट पारदर्शक, चंद्रकोरीसारखी टरफलं मिळाली, दोन-तीन. मी घाबरले, वाटलं हिची नखं तुटली, तशीच कागदात बांधून डॉक्टरांकडे नेली. त्यांनी सांगितलं ही जुन्या नखाची वरची साल, मांजर ओरबाडतं तेव्हा ती निघते आणि आतून नवं धारदार नख बाहेर येतं. शिवाय पंजाच्या गाद्यांमध्ये वासाच्या ग्रंथी असतात, ओरबाडताना तो वास तिथे लागतो आणि चरेही दिसतात, म्हणजे ही जागा माझी आहे असं ते लिहून ठेवतं. आणि तिसरं म्हणजे आळस देणं, झोपून उठलं की पुढचे पाय वर रोवून पाठ ताणायची. मग मी नीट बघितलं तर खरंच अबोली दुपारी उठली की सरळ त्याच पायाकडे जायची, आधी ताणायची, मग ओरबाडायची. तुमचं पिल्लू नव्या जागी आलंय, त्याला घरात स्वतःचा वास कुठेच नाही आणि सोफ्याला तुम्हा सगळ्यांचा वास आहे, म्हणून त्याने सोफाच धरला. म्हणून थांबव थांबव करून ते थांबणार नाही, त्याला सोफ्यापेक्षा चांगली जागा सोफ्याच्या शेजारीच द्यायची, हा एकच उपाय खरा चालतो.

आता ती जागा कशी करायची. ऑनलाइन दीड फुटाचे, वर पिसांचा गोंडा असलेले खांब मिळतात ते घेऊ नका, मांजर मोठं झालं की त्यावर पाठ ताणता येत नाही आणि एकदा का तो खांब हलला किंवा अंगावर पडला की परत ते त्याच्याकडे बघत नाही. खांब निदान तीन फूट उंच पाहिजे आणि माणसाने धक्का दिला तरी न हलणारा पाहिजे. आमच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) पावसात एक पोफळ पडली होती तिचाच तीन फुटांचा तुकडा मी सुकवून घेतला, मेस्त्रीने खाली दीड फूट बाय दीड फूट जाड फळी लावून खालून लांब स्क्रू मारले. तुम्हाला फ्लॅटमध्ये पोफळ कुठून मिळणार, सॉमिलमधून चार इंच जाडीचा गोल लाकडी तुकडा आणा, तेही तेवढंच चांगलं. त्याच्यावर वरपासून खालपर्यंत सुंभ गुंडाळायचं, नायलॉनची दोरी नको, काथ्याचं आपलं साधं सुंभ, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतं. आठ मिलिमीटर जाडीचं घेतलं तर चार इंची खांबाला जवळजवळ ४० मीटर लागतं, मी आधी १५ मीटर आणलं आणि अर्ध्यातच संपलं म्हणून मुद्दाम आकडा सांगतेय. वेढे एकमेकांना घट्ट चिकटवून घ्या, सुरुवातीला आणि शेवटी छोटे खिळे आतपर्यंत ठोका, टोक वर राहता कामा नये. पावसाळ्यात सुंभ ओल धरतं आणि बुरशी येते, ऊन पडलं की खांब बाल्कनीत ठेवायचा.

खांब ठेवायचा कुठे हे खांबापेक्षा महत्त्वाचं. लोक कोपऱ्यात, दिसू नये म्हणून कपाटामागे ठेवतात आणि मग म्हणतात मांजर वापरत नाही. सोफ्याचा जो हात फाटलाय त्याला अगदी लागून ठेवा, हॉलमध्ये वाईट दिसला तरी चालेल, महिना-दोन महिने जाऊदे, मग रोज वीतभर सरकवत हवा तिथे न्या. पिल्लाचे पंजे धरून जबरदस्तीने खांबावर घासू नका, त्याने ते उलट घाबरतं, त्यापेक्षा खांबाच्या वरच्या टोकाशी दोरी हलवून खेळवा, आपोआप पंजे लागतात, लागले की लगेच शिजवलेल्या माशाचा तुकडा द्या. आणि एक आपल्याकडची गोष्ट, परदेशात कॅटनिप म्हणून मांजरांना वेड लावणारा पाला विकत घेतात, आपल्याकडे पावसात कुंपणाच्या कडेला कुप्पी उगवते ना, काही जण खोकली म्हणतात, तिचं मूळ उपटून धुऊन खांबावर घासा. अबोली त्या दिवशी खांबाला मिठी मारून लोळत होती. फक्त घासायचं, मुळं खायला घालायची नाहीत, आणि अगदी लहान पिल्लांवर या वासाचा परिणाम होत नाही, तुमचं सहा महिन्यांचं झाल्यावर करा.

त्याच वेळी सोफ्याची मजा घालवायची. फाटलेल्या हातावर जाड प्लास्टिक किंवा घट्ट ताणलेली चादर बांधा, पंजा रुतला नाही की मांजराला तिथे रस राहत नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप कापडावर चालते पण पॉलिश केलेल्या लाकडावर कधीच लावू नका, मी जुलैत लावली, दमट हवेत तिचा डिंक लाकडावर बसला आणि काढताना शिसवीचं पॉलिश पापुद्र्यासारखं निघून आलं. पुढे कधी कापड बदलाल तेव्हा जाड विणीचं, ज्यूटसारखं घेऊ नका, मखमलीसारखं गुळगुळीत घ्या. संत्र्याचं तेल, निलगिरीचं तेल शिंपडा असं कोणी सांगितलं तर करू नका, मांजराच्या लिव्हरला अशा गोष्टी पचवता येत नाहीत आणि ते पंजे चाटतं. फिनेलचंही तसंच, लादी पुसायला साधं साबणाचं पाणी वापरा.

नखं कापायची सवय आत्ताच लावा, हे वय परत येत नाही. झोपेत असताना बोट हलकं दाबलं की नख बाहेर येतं, त्यात गुलाबी भाग दिसतो, ती रक्ताची शीर, तिच्यापासून लांब, फक्त पुढचं पारदर्शक टोक कापायचं. एका वेळी दोनच नखं कापली तरी चालेल. दोन-तीन आठवड्यांनी एकदा, पुढच्या पायांची पुरतात.

पिल्लू अजून बुजलेलं असेल तर पूर्ण घर मोकळं देऊ नका, एका खोलीत पाणी, खाणं, लांब दुसऱ्या टोकाला लिटर आणि लपायला एक पुठ्ठ्याचा खोका, एवढं पुरे. गायीचं दूध देऊ नका, जुलाब होतात. हुमणाचा (माशाच्या आमटीचा) भात तर नकोच, कांदा-लसूण मांजराला विषासारखे, तारले-बांगडे द्यायचे तर बिनमिठाचे उकडून, काटे काढून, आणि रोज नुसता मासा-भात नको, पिल्लांसाठीचं तयार खाणं त्यात पाहिजेच. क्रोसिन वगैरे आपलं तापाचं औषध चुकूनही नाही, पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. चौथा मजला आहे तर बाल्कनीला जाळी आजच लावा, हे सोफ्याच्या आधी करा.

आणि लस. तुमच्या वर्णनावरून पिल्लाला काहीच लस झालेली नाही. मिशन रेबीज या संस्थेचे लोक २०१४ पासून गोव्यात गावोगाव फिरून लस टोचतात पण ती मुख्यतः रस्त्यावरच्या कुत्र्यांना, मांजराचं आपणच बघावं लागतं. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, आणि मांजरांच्या आजारांची दुसरी लस त्याच्याही आधी सुरू होते, ती तीन-चार आठवड्यांच्या अंतराने परत द्यावी लागते, डॉक्टर कार्ड करून देतील. तोपर्यंत घरात कुणालाही ओरखडा आला किंवा चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, लहान पिल्लूच आहे म्हणून सोडून देऊ नका.

सासूबाईंना राग आलाय तो समजण्यासारखा आहे, नव्या सोफ्याला पैसे पडतात. माझ्या आईचंही तेच होतं, आजोबांचा सोफा म्हणजे तिच्यासाठी देवघरासारखा. मी तिला खांब दाखवला, एक महिना दे म्हटलं, आणि तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिनेच मला हाक मारली, बघ गो, उठली आणि सरळ खांबाकडे गेली. आता सुंभ झिजलं की नवीन आणायची आठवण तीच करते. तुम्हीही सासूबाईंकडून महिनाभराची मुदत मागून घ्या, आणि खांबावर ओरबाडल्यावर माशाचा तुकडा द्यायचं काम त्यांच्याकडेच द्या, पिल्लू त्यांच्या मागे मागे करायला लागेल. पार्किंगमध्ये परत सोडलं तर दहा दिवस घरात राहिलेलं पिल्लू गाड्यांखाली फार दिवस टिकत नाही हो.

एक बघून इथेच कळवा, पिल्लू सोफ्याचा हात उभा राहून ओरबाडतंय की पायपुसणं, गालिचा पण आडवं ओरबाडतंय? आडवंही करत असेल तर खांबाबरोबर जमिनीवर टाकायला सुंभ गुंडाळलेली एक फळी पण लागेल, तिचं माप सांगते.