गाण्यातल्या बेसवर (जाड आवाजावर) पेटणारी एलईडी पट्टी करायची आहे, पण माझं सर्किट बोलण्यावरही पेटतं. काय चुकतंय?

माइक बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या बेस नावाच्या पायाला आणि पट्टी कलेक्टरच्या पायाला, असं जोडलंय ना? मग शिट्टी मारली तरी पेटणारच. आवाजातला जाड भाग वेगळा काढणारं त्यात काहीच नाही. शिवाय ५४७ ला १०० मिलिअँपिअरच्या वर झेपत नाही, आणि मीटरला ६० एलईडीवाली ५०५० पट्टी १२ व्होल्टला सव्वा अँपिअरच्या आसपास ओढते. आमच्या शिवाजी पेठेतल्या मंडळाच्या आरासीत मी हाच प्रकार केला होता. आरतीआधीच वास सुटला.

माइक काढा, मोबाईलच्या इअरफोन पिनमधून एकच चॅनेल घ्या. बेस बहुतेक गाण्यांत दोन्हीकडे सारखाच असतो. अँपच्या स्पीकरच्या तारांना मात्र हे जोडू नका.

आता खरं काम, फिल्टर. आधी १० के (किलो-ओहम) रेझिस्टर, त्यापुढे ग्राउंडला (मायनस बाजूला) ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर. आवाज कुठून कापायचा त्याचा हिशेब १ भागिले २πआरसी, म्हणजे १५९ हर्ट्झ. एका टप्प्यात आवाज नीट कापला जात नाही, म्हणून पुढे दुसरा लावा, पण त्यात १०० के आणि ०.०१. गुणाकार तोच, पण दुसरा टप्पा पहिल्याला ओढून खाली बसवत नाही. दोन्ही मिळून साधारण १०० हर्ट्झच्या वरचं पडत जातं. पुरुषाचा आवाजही तिथूनच सुरू होतो, त्यामुळे जाड आवाजाच्या गायकाला पट्टी थोडी थरथरेल, तेवढं चालवून घ्या.

पुढे एलएम ३५८, म्हणजे सिग्नल वाढवणारी चिप: पिन ८ ला १२ व्होल्ट, ४ ला ग्राउंड, फिल्टर ३ ला. १ आणि २ च्या मध्ये १०० के चा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), २ पासून ग्राउंडला १ के. पॉट फिरवला की सिग्नल शंभरपटीपर्यंत वाढतो. १ मधून १एन ४१४८ डायोड (काळी रेघ असलेलं टोक पुढे), मग ग्राउंडला ४.७ मायक्रोफॅरड आणि त्याला समांतर २२ के, आणि तिथून आयआरएफझेड ४४ एन मॉसफेटच्या (जास्त करंट झेपणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) गेट पायाला. सोर्स ग्राउंडला, ड्रेन पट्टीच्या मायनसला, पट्टीचा प्लस थेट १२ व्होल्टला. ग्राउंड सगळ्यांचं एकच ठेवा. निम्मी बोंब तिथेच असते.

मॉसफेट अर्धवट उघडा राहतो तेव्हा तापतो, म्हणून मागे अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा स्क्रूने आवळा. तो ड्रेनला जोडलेला असतो, दुसऱ्या तारेला टेकू देऊ नका.

तपासायला डॉल्बीचं गाणं नको, त्यात सगळंच बेस. ढोल आणि हलगीचं रेकॉर्डिंग लावा. हलगी कडकडली तरी पट्टी गप्प आणि ढोलावर टिपरू पडलं की उजेड, असं होईतो पॉट फिरवा. उजेड रेंगाळत असेल तर २२ के काढून १० के टाका.